टँक : तलावापासून रणगाड्यापर्यंत

अधारताल आणि ‘टँक’

जबलपूर शहरातील अधारताल हा आज दाट वस्तीचा विभाग आहे. कटनीच्या दिशेने जाणाऱ्या लोहमार्गावर त्याच नावाचे स्थानक आहे, औद्योगिक वसाहत आहे आणि १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयही याच परिसरात आहे. या सर्वांना नाव मिळाले ते एका जलाशयावरून. गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीचा मंत्री अधारसिंह कायस्थ याने सोळाव्या शतकात हा ताल बांधवला, अशी परंपरा आहे. इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत अशा जलाशयाला ‘टँक’ म्हणत. तोच शब्द आज गच्चीवरील टाकीला, मोटारीच्या इंधनसाठ्याला, मैल्याच्या कोठीला, रणगाड्याला आणि धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेलाही लागतो. इतक्या भिन्न गोष्टी एका नावाखाली कशा आल्या, याचा मागोवा घेतला की भाषेबरोबर पाणी, आरोग्य, उद्योग आणि युद्ध यांचाही इतिहास उलगडतो.

मूळ अर्थ

द्रव किंवा वायू मोठ्या प्रमाणात साठवण्यासाठी मुद्दाम केलेली, कडांनी बांधलेली जागा हा टँकचा पायाभूत अर्थ. त्यात तीन गोष्टी गृहीत असतात. पहिली, आतील पदार्थ बाहेरून आणलेला किंवा अडवलेला असतो; विहिरीतल्या झऱ्यासारखा तो जागीच उपजत नाही. दुसरी, त्याला भिंत, पाळ किंवा पत्रा अशी निश्चित सीमा असते. तिसरी, आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वाट बरीचशी माणसाच्या ताब्यात असते. वाहती नदी या कसोटीला उतरत नाही. उल्कापाताने बनलेले लोणारचे सरोवर म्हणून ‘लेक’ ठरते आणि माणसाने पाणी अडवून केलेला अधारताल ‘टँक’ ठरतो.

व्युत्पत्ती

भारतातील जलाशय या अर्थाने हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात रुळला. त्याचे दोन उगम सांगितले जातात. एक पश्चिम भारतातला : गुजराती ‘टांकुं’ आणि मराठी ‘टाके’, म्हणजे जमिनीत किंवा खडकात केलेला पाणीसाठा. दुसरा पोर्तुगीज ‘तांके’, म्हणजे अडवलेल्या पाण्याचे कुंड. त्यामागे प्रवाह थोपवणे या अर्थाचे क्रियापद आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगिजांजवळ हा शब्द आधीच होता आणि येथे त्यांना उच्चाराने व अर्थाने जवळचा दुसरा शब्द भेटला. हे दोन्ही प्रवाह एकत्र येऊन इंग्रजी शब्द स्थिरावला असावा, असे कोशकार मानतात. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची तपशीलवार चर्चा आहे. पुढे हाच शब्द ‘टँक’ या रूपाने मराठीत परतला आणि ‘टाकी’च्या शेजारी नांदू लागला.

खडकातील टाके

मराठीत ‘टाकी’ म्हणजे पाण्याचे साठवणपात्र, तशीच पाथरवटाची छिन्नीही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण या दुसऱ्या अर्थाची आहे. छिन्नी आणि जलसाठा यांचे नाते सह्याद्रीत प्रत्यक्ष पाहायला मिळते, कारण तेथील टाकी खडक फोडूनच केलेली आहेत. कान्हेरी आणि जुन्नरच्या लेण्यांतील प्राकृत शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हटले असून ती कोणी दान दिली, याच्या नोंदी कोरल्या आहेत. शिवनेरीवरील गंगा-जमुना आणि सिंहगडावरील देवटाके ही गडांवरची प्रसिद्ध उदाहरणे. घट्ट बेसॉल्टमधून पाणी सहज झिरपत नाही, खडकाच्या सावलीत बाष्पीभवन कमी होते, आणि खोदताना आत राखलेले खांब छत पेलतात. त्यामुळे पावसाळ्यातल्या पाण्यावर गडावरची शिबंदी उन्हाळा काढू शके. खोदून निघालेला दगड तटबंदीच्या बांधकामाला उपयोगी पडे.

एका शब्दाखालचे अनेक जलाशय

इंग्रज अधिकाऱ्यांनी ‘टँक’ म्हणून जे नोंदवले, त्याला देशी भाषांत वेगवेगळी नावे होती आणि प्रत्येक नावात रचनेची माहिती होती. ताल मोठा, तलैया लहान. कुंड पायऱ्यांनी बांधलेले व बहुधा देवस्थानाशी जोडलेले. पुष्करणी देवळापुढची, आखीव आकाराची. बारव म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत नेणारी विहीर. हौद चुन्याविटांचा किंवा दगडी, नळाने भरणारा. पेशवाईत नानासाहेबांच्या काळी कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने पुण्यात पाणी आणले गेले, ते शहरातल्या हौदांत पडे. म्हणजे एकाच व्यवस्थेत स्रोत तलाव होता आणि वाटपाची जागा हौद. गोव्यात मंगेशीच्या देवालयापुढील जलाशयाला तळी म्हणतात. टँक या शब्दाने या सर्वांची मोजदाद सोपी केली, पण कोणता जलाशय पावसाने भरतो, कोणता झऱ्याने आणि कोणता नळाने, हा भेद त्या शब्दात उरला नाही.

जबलपूरचे ताल

जबलपूरची लोकपरंपरेतील ओळख बावन्न ताल-तलैयांचे शहर अशी आहे. राणीताल राणी दुर्गावतीने, चेरीताल तिच्या दासीने आणि अधारताल मंत्र्याने बांधवला, असे सांगतात. पती दलपतशाहच्या निधनानंतर अल्पवयीन वीरनारायणाच्या नावाने दुर्गावतीने कारभार पाहिला आणि १५६४ मध्ये मोगल सरदार आसफखानाशी लढताना तिला मृत्यू आला. हनुमानताल, संग्रामसागर, देवताल, सूपाताल ही शहरातली आणखी काही नावे. या तालांचे काम दुहेरी होते : पावसाचे वाहून जाणारे पाणी थोपवायचे आणि ते हळूहळू जमिनीत मुरवून परिसरातील विहिरी जिवंत ठेवायच्या. शहर वाढत गेले तशी तालांत पाणी आणणारी जमीन बांधकामाखाली गेली. राणीताल आणि चेरीताल ही नावे आज मुख्यतः वस्त्यांची म्हणून परिचित आहेत. राणीतालला क्रीडासंकुल उभे आहे.

नागपूरशी जोड

जबलपूरचा प्रदेश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठ्यांकडे आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांना मिळाला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात नागपूर आणि जबलपूर एकत्र होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत ही जोड टिकली. दोन्हीकडे गोंड राजवटींचा वारसा होता. पूर्व विदर्भात, म्हणजे आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत, गोंड राजांच्या प्रोत्साहनाने तलाव बांधले गेले. या कामात कोहळी समाजाचे कौशल्य विशेष मानले जाते. नवेगाव बांध हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. एकाच प्रांताच्या दफ्तरात वावरल्यामुळे जबलपूरचा ताल आणि भंडाऱ्याचा तलाव हे दोन्ही इंग्रजीत ‘टँक’ झाले.

मामा तलाव

पूर्व विदर्भातील हे तलाव पुढे गावच्या मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, मालकीत आले. मालगुजारी पद्धत १९५० च्या कायद्याने संपली, तलाव शासनाकडे गेले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच मामा तलाव हे नाव पडले. त्यांची रचना साधी पण काटेकोर असते. उताराच्या जमिनीवर मातीची लांब पाळ घालून पाणी अडवतात, जादा पाणी सांडव्यावरून जाऊ देतात आणि पाळीखालच्या मोरीतून धानाच्या बांध्यांना पाणी सोडतात. धानाला पाऊस ताण देतो तेव्हा एक-दोन पाण्यांनी पीक वाचते, हा तलावाचा मुख्य उपयोग. मासे, शिंगाडे आणि गाळाची माती हे जोडउत्पन्न. मालकी बदलली तेव्हा गाळ काढण्याची आणि पाळ दुरुस्त करण्याची गावची जबाबदारी सैल झाली. साठवणक्षमता घटण्याचे ते एक मोठे कारण ठरले.

पाझर तलाव

टँक म्हणजे पाणी धरून ठेवणारी जागा, या समजुतीला पाझर तलाव अपवाद आहे. पाणी तळातून मुरून जावे, यासाठीच तो बांधतात. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून महाराष्ट्रात असे तलाव मोठ्या संख्येने झाले. नाल्यावर मातीचा बांध घालून पाणी काही महिने थांबवले की ते झिजलेल्या मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून खाली उतरते व बांधाखालच्या विहिरींची पातळी वाढते. म्हणून हिवाळ्यात कोरडा पडलेला पाझर तलाव अपयशी असतोच असे नाही. त्याचे यश आजूबाजूच्या विहिरींत मोजायचे असते. तळाशी साचणारा बारीक गाळ ही त्याची मोठी अडचण. गाळाचा थर बसला की पाझर मंदावतो, पाणी वर दिसत राहते आणि त्यातले पुष्कळसे उन्हाने उडून जाते.

मुंबईचे टँक

मुंबईत अनेक टँक फक्त नावाने राहिले आहेत. गवालिया टँकच्या मैदानावर ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ आंदोलनाची हाक दिली गेली. आज ते ऑगस्ट क्रांती मैदान आहे. कावसजी पटेल यांच्या नावाचा तलाव सी. पी. टँक या वस्तीच्या नावात उरला. धोबी तलावही असाच. शहराला आधी विहारच्या (१८६०) आणि नंतर तानसाच्या (१८९२) जलाशयातून नळाचे पाणी मिळू लागले, तशी गल्लीतल्या तलावांची गरज कमी झाली. साचलेल्या पाण्यात डास वाढतात आणि हिवताप पसरतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी पक्के झाल्यावर विहिरी आणि तलाव बुजवण्याला वेग आला. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव मात्र धार्मिक महत्त्वामुळे टिकून राहिला.

पोहण्याचा टँक

बांधीव तरणतलावालाही मराठी शहरांत टँक म्हणण्याची सवय आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा तरणतलाव ‘टिळक टँक’ म्हणून ओळखला जातो. पाश्चात्त्य देशांतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तरणतलावाला टँक म्हणत. तेथे घालायच्या बिनबाह्यांच्या पोशाखाला ‘टँक सूट’ म्हटले गेले आणि त्यावरून बिनबाह्यांच्या बनियनसारख्या वस्त्राला ‘टँक टॉप’ हे नाव आले. काचेच्या मत्स्यपेटीला ‘फिश टँक’ म्हणतात; १९५१ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने अशा काचटाक्यांतून समुद्री जीव सामान्य प्रेक्षकांपर्यंत आणले. मत्स्यपेटीतले पाणी नुसते साठवून चालत नाही. प्राणवायू मिसळणे, गाळणे आणि माशांच्या उत्सर्गातून होणारा अमोनिया उपयुक्त जिवाणूंकडून निष्प्रभ करणे, या तीन क्रिया सतत चालू ठेवाव्या लागतात.

गच्चीवरील टाकी

घरगुती टाकीचे काम गुरुत्वाकर्षणावर चालते. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम दाब मिळतो. म्हणून टाकी जितकी उंच, तितकी खालच्या मजल्यावरची धार जोरदार. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर धार बारीक येते, त्याचेही कारण हेच. १,००० लिटर पाण्याचे वजन १ टन भरते, त्यामुळे टाकी कोठे ठेवायची हे स्लॅब आणि तुळया पाहून ठरवावे लागते. प्लॅस्टिकच्या टाक्या बहुधा काळ्या असतात. काळा रंग प्रकाश आत येऊ देत नाही, त्यामुळे शेवाळ वाढत नाही, आणि त्यातील काजळीसारखे द्रव्य अतिनील किरणांपासून प्लॅस्टिकचे रक्षण करते. साठलेल्या पाण्यातील क्लोरिन मात्र वेळेगणिक कमी होते. झाकण सैल राहिले तर डेंग्यू पसरवणारा एडिस डास या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळण्याचा सल्ला त्यासाठीच दिला जातो.

सेप्टिक टँक

भुयारी गटार नसलेल्या वस्तीत शौचालयाचे पाणी सेप्टिक टँकमध्ये जाते. डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ मध्ये इंग्लंडमधील एक्झेटर येथे अशी टाकी उभारली आणि हे नाव रूढ केले. टाकीत मैला काही काळ स्थिर राहतो. जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट भाग वर तरंगतो आणि हवेवाचून जगणारे जिवाणू गाळाचे विघटन करतात. मधला द्रव पुढे शोषखड्ड्यात जातो. म्हणजे ही टाकी मैला नाहीसा करत नाही, फक्त त्याचे अंशतः शुद्धीकरण करते. गाळ ठरावीक वर्षांनी उपसावा लागतो आणि पिण्याच्या विहिरीपासून ती दूर ठेवावी लागते. विघटनातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निर्माण होतात. त्यांमुळे आत उतरलेल्या सफाई कामगारांचे जीव जातात. अशी जोखमीची सफाई माणसाकडून करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. त्या बंदीची कठोर अंमलबजावणी हा माणसाच्या जिवाचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

इंधनाची टाकी आणि टँकर

वाहनाच्या पेट्रोल टाकीत दोन विरोधी गरजा सांभाळाव्या लागतात. इंधन बाहेर सांडू नये, तरी ते वापरले जाईल तसे त्या जागी हवा आत जावी. नाहीतर आत निर्वात निर्माण होऊन पुरवठा थांबतो. मुंबईत तुर्भे-चेंबूरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतील प्रचंड गोल टाक्यांच्या समूहाला ‘टँक फार्म’ म्हणतात; येथे फार्मचा शेतीशी संबंध नाही. कच्च्या तेलाच्या टाकीचे छप्पर बऱ्याचदा तेलावर तरंगते, म्हणजे मध्ये बाष्प साठायला पोकळी राहत नाही आणि आगीचा धोका घटतो. चालत्या टाकीला टँकर म्हणतात. रस्त्यावरचा ट्रक आणि तेलवाहू जहाज दोघांनाही. मराठवाड्यात टँकर म्हटले की आधी पाणीच आठवते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या टाकी-डब्यांतून पाणी न्यावे लागले. पहिल्या फेरीत १० डब्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी पोहोचले.

किण्वन टँक

औषधनिर्मितीत टँक हे साठवणपात्र राहत नाही, तेथे प्रक्रिया घडते. पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक कंपनीत पेनिसिलिन खोल टाक्यांमध्ये बनवले जाऊ लागले. खोल टाकीची पद्धत येण्याआधी पेनिसिलियम ही बुरशी उथळ भांड्यात पृष्ठभागावर वाढवत, त्यामुळे उत्पादन फार थोडे होई. खोल टाकीत निर्जंतुक हवा बुडबुड्यांनी सोडली आणि द्रव सतत ढवळला की बुरशी संपूर्ण द्रवात वाढते. तापमान, आम्लता आणि साखरेचे प्रमाण काटेकोर राखावे लागते. एकच परका जंतू शिरला तरी संपूर्ण टाकी वाया जाऊ शकते. सेप्टिक टँक आणि ही टाकी दोन्ही सूक्ष्मजीवांवर चालतात. एकीत जे येईल ते वाढते, दुसरीत निवडलेलेच वाढू दिले जाते.

रणगाड्याला टँक का म्हणतात

रणगाड्याच्या नावामागे आकार नाही, गुप्तता आहे. पहिल्या महायुद्धात खंदक आणि काटेरी तारा ओलांडणारे चिलखती यंत्र घडवण्यासाठी ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लँडशिप्स’ समिती नेमली गेली. चाकांऐवजी पट्ट्यांवर चालण्याची कल्पना शेतातल्या होल्ट ट्रॅक्टरसारख्या यंत्रांनी आधीच सिद्ध केली होती. लिंकन येथील कारखान्यात लोखंडी सांगाडे तयार होऊ लागले, तेव्हा ही मेसोपोटेमियाला पाठवायची पाणीवाहू पात्रे आहेत, असे सांगितले गेले. त्यासाठी डिसेंबर १९१५ मध्ये ‘टँक’ हे सांकेतिक नाव ठरले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत फ्लेर-कूर्सलेत येथे टँक प्रथम युद्धात उतरले. सुमारे २८ टन वजन, ८ माणसे आणि ताशी जेमतेम ६ किलोमीटर वेग असे त्याचे स्वरूप होते. गुप्तता संपली, तरी नाव टिकले. रशियन भाषेनेही तेच घेतले. जर्मनने चिलखतावरून ‘पांझर’ आणि मराठीने कामावरून ‘रणगाडा’ हा शब्द पसंत केला.

रणगाडा, महाराष्ट्र आणि जबलपूर

भारतीय चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, येथे आहे. तेथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात पहिल्या महायुद्धापासूनची वाहने पाहता येतात. पूना हॉर्स या रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी १६ डिसेंबर १९७१ रोजी सेंच्युरियन रणगाड्यांसह लढताना प्राण दिले. दोघांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जबलपूर हे संरक्षण उत्पादनाचे मोठे केंद्र आहे, पण रणगाड्यांच्या निर्मितीचे मुख्य केंद्र तमिळनाडूतील आवडी. जबलपूरची ओळख १९०४ चा तोफगाडी कारखाना, लष्करी ट्रक बनवणारा वाहन कारखाना आणि खमरियाचा दारूगोळा कारखाना यांनी घडली. मारा, चिलखत आणि गती या तीन गुणांचा तोल म्हणजे रणगाडा. एक वाढवला की दुसऱ्याला झळ बसते. दलदल, सुरुंग आणि वरून येणारी क्षेपणास्त्रे या त्याच्या जुन्यानव्या मर्यादा.

टँक सर्किट

जबलपुरात लष्कराच्या सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्रही आहे. रेडिओ संदेशवहनाच्या मुळाशी असलेल्या एका विद्युतमंडलाला ‘टँक सर्किट’ म्हणतात. त्यात एक वेटोळे आणि एक धारित्र असते. धारित्रात विद्युतक्षेत्राच्या रूपाने साठलेली ऊर्जा वेटोळ्यातून वाहताना चुंबकक्षेत्राच्या रूपात जाते, मग उलट परतते. ही ये-जा एका ठरावीक वारंवारतेने होते. ती दोन्ही घटकांच्या मूल्यांवर अवलंबून असते. रेडिओचे केंद्र बदलताना हीच वारंवारता जुळवली जाते. येथे भिंत नाही आणि द्रवही नाही. साठवण तेवढी कायम आहे, म्हणून नाव लागू पडते. तारेच्या रोधामुळे ऊर्जा हळूहळू उष्णतेत जाते आणि बाहेरून भर घातली नाही तर आंदोलने विरतात.

थिंक टँक

‘थिंक टँक’ या जोडशब्दाचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा बोलीतला अर्थ डोके किंवा मेंदू असा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तज्ज्ञांना एकत्र बसवून धोरणविचार करणाऱ्या संस्थांना तो लागू झाला. १९४८ मध्ये स्वतंत्र संस्था बनलेली अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशन हे ठळक उदाहरण. शब्द प्रचलित होण्याआधी संस्था मात्र अस्तित्वात होत्या. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये स्थापन झाली आणि पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी प्रत्यक्ष पाहण्यांवर आधारलेल्या आर्थिक संशोधनाची परंपरा घातली. १ जानेवारी २०१५ रोजी स्थापन झालेल्या नीती आयोगाचे वर्णन केंद्र सरकारची थिंक टँक असे केले जाते. मराठीत ‘विचारगट’ किंवा ‘धोरण-संशोधन संस्था’ हे पर्याय आहेत. अशा संस्थेचे मोल तिच्या निष्कर्षांच्या स्वातंत्र्यावर ठरते. निधी कोणाचा आणि विदा खुली आहे का, हे प्रश्न तिला नेहमी विचारावे लागतात.

क्रियापद म्हणून

इंग्रजीत टँकचे क्रियापदही होते आणि त्याच्या छटा परस्परविरोधी आहेत. ‘टँक अप’ म्हणजे इंधन भरून घेणे. बोलीत भरपूर मद्य पिणे. नुसते ‘टँक’ म्हणजे साफ कोसळणे : चित्रपट, शेअरचा भाव किंवा उमेदवारी. टेनिसमध्ये सामना मुद्दाम हरण्यालाही टँक करणे म्हणतात. अशा खेळाडूला दंड होऊ शकतो. मराठी बोलण्यात ही क्रियापदे फारशी शिरली नाहीत. आपण टाकी भरतो, भाव गडगडतात आणि चित्रपट आपटतो. नाम उसने घेणे सोपे असते, कारण वस्तू समोर असते. क्रियापदाला मात्र भाषेत आधीपासून असलेल्या शब्दांशी स्पर्धा करावी लागते.

अर्थ वाढण्याच्या वाटा

या सर्व अर्थांची मांडणी चार वाटांनी करता येते. पहिली विस्ताराची : पाण्याच्या साठ्यावरून तेल, वायू, मैला आणि औषधी द्रव यांच्या साठ्याकडे. दुसरी सान्निध्याची : तरणतलावावरून तेथे घालायच्या वस्त्राकडे, तलावावरून त्याच्या काठच्या वस्तीकडे. अधारताल, राणीताल आणि सी. पी. टँक ही स्थलनावे याच वाटेची. तिसरी रूपकाची : पाण्याऐवजी ऊर्जा किंवा विचार साठवणारी जागा. चौथी अपघाताची : रणगाडा, ज्याला हे नाव केवळ शत्रूची दिशाभूल करण्यासाठी मिळाले. कोशात हे अर्थ क्रमांकाने शेजारी बसतात, पण त्यांची नाती क्रमांकांतून दिसत नाहीत. ती इतिहासातून दिसतात.

शब्दाची मर्यादा

गच्चीवरची टाकी आणि गावचा तलाव यांना एकच नाव दिल्याने एक गोष्ट झाकली जाते. बंद टाकी तिच्या भिंतींपुरतीच असते; भिंत धड असेल आणि नळ चालू असेल तर तिचे काम चालते. तलावाची गोष्ट वेगळी. त्याच्या पाळीइतकाच महत्त्वाचा असतो त्याचा पाणलोट, म्हणजे जेथून पाणी उतरून येते ती सारी जमीन, तिच्यातले ओहोळ आणि खाली जादा पाणी वाहून नेणारा मार्ग. काठाला दगडी कठडा आणि फिरण्याचा रस्ता केला, पण येणारे ओहोळ बुजवले आणि त्या जागी सांडपाणी सोडले, तर तलाव दिसायला शाबूत राहून आतून मरतो. ताल, बांध, पाझर तलाव, कुंड, बारव हे शब्द प्रत्येक जलाशयाच्या पाण्याची वाट सांगतात. म्हणून तलाव वाचवण्याच्या कोणत्याही योजनेचा पहिला नकाशा काठाचा असू नये; तो पाणलोटाचा असावा, आणि त्यावर प्रत्येक ओहोळ नावानिशी दाखवलेला असावा.